प्रत कोणाची? : व्हिडिओभाड्याच्या अभ्यासाकडे वळताना

चित्रपटांवर लिहिणाऱ्यांनी दिग्दर्शक पाहिले, नट पाहिले, पटकथा आणि संगीत पाहिले. अलीकडे प्रेक्षकही पाहिला. चित्रपट थिएटरातून उतरला की पुढे घरापर्यंत कोणत्या वाटेने जातो, त्या वाटेवर कोण किती पैसे घेतो आणि कोणत्या हक्काने घेतो, हा प्रश्न मात्र बराच काळ हिशेबनिसांवर सोडलेला होता. गेल्या पंचवीसेक वर्षांत हे पालटले. फ्रेडरिक वासर, जोशुआ ग्रीनबर्ग, डॅनियल हर्बर्ट, रमोन लोबाटो अशा अभ्यासकांनी कॅसेटची दुकाने, डिस्कची पाकिटे आणि आता स्ट्रीमिंगचे करार यांच्यावर मन लावून लिहिले. हर्बर्ट यांनी तर अमेरिकेतल्या लहान गावांतली व्हिडिओ दुकाने स्वतः हिंडून पाहिली, दुकानदारांशी बोलले. या क्षेत्रात यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, कायद्याचीही लागत नाही. करारातली बारीक अक्षरे वाचण्याची चिकाटी, बेरीज-वजाबाकीची भीती नसणे आणि दुकानदाराशी गप्पा मारायची हौस एवढे भांडवल सुरुवातीला पुरते. तेव्हा नव्या वाचकाचे स्वागत आहे. फक्त दारातच एक गोष्ट बाजूला ठेवून आत यावे लागेल.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. व्हिडिओ भाड्याने देणारी ब्लॉकबस्टर नावाची भलीमोठी कंपनी होती, ती झोपली होती. नेटफ्लिक्स नावाची चलाख कंपनी आली आणि तिने ब्लॉकबस्टरला संपवले. २००० मध्ये नेटफ्लिक्स ५ कोटी डॉलरला विकत मिळत असूनही ब्लॉकबस्टरने ती घेतली नाही, हा प्रसंग व्यवस्थापनाच्या वर्गांत इतक्यांदा सांगितला जातो की ऐकणाऱ्याला त्यापलीकडे काही विचारावेसेच वाटत नाही. गोष्ट चटकदार आहे आणि अर्धीच खरी आहे. डिजिटल वितरणाने भाड्याच्या धंद्याचे नेमके काय केले, हे तिच्यातून कळत नाही. ते कळायला हवे असेल तर झोप आणि चलाखी सोडून एक साधा प्रश्न धरावा : जी प्रत आपण पाहतो, ती कोणाच्या मालकीची?

१९७२ मध्ये अमेरिकेत कार्ट्रिव्हिजन नावाचे यंत्र बाजारात आले. टीव्हीच्या पेटीतच व्हिडिओ रेकॉर्डर बसवलेला. त्याच्या कॅसेट दोन रंगांच्या. काळी विकत मिळे. लाल भाड्याने मिळे, आणि लाल कॅसेट घरच्या यंत्रावर रिवाइंडच होत नसे. सिनेमा एकदा पाहिला की संपला. पुन्हा पाहायचा तर दुकानात न्या, तिथल्या खास यंत्रावर मागे गुंडाळून घ्या, पुन्हा पैसे भरा. यंत्र चालले नाही, पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. पण लाल कॅसेट लक्षात ठेवावी. चित्रपटाचा मालक भाड्याच्या प्रतीकडून काय मागतो, ते तिच्यात उघड दिसते : प्रत ग्राहकाच्या घरी जावी, पण तिच्यावरची सत्ता मालकाकडेच राहावी.

पुढे झाले नेमके उलटे. १९७५ मध्ये सोनीचे बीटामॅक्स आले, पाठोपाठ जेव्हीसीचे व्हीएचएस. १९७७ मध्ये मिशिगनमधल्या मॅग्नेटिक व्हिडिओ या छोट्या कंपनीचे आंद्रे ब्ले यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपट कॅसेटवर विकण्याचे हक्क मिळवले. हक्क विकण्याचे होते. कॅसेट भाड्याने जातील हे कोणाच्या फारसे ध्यानीमनी नव्हते. त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्याच कॅसेट विकत आणल्या आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी ५० डॉलर, कायमच्या सभासदाला १०० डॉलर, आणि वर दिवसाचे भाडे १० डॉलर. फॉक्सची परवानगी? ती लागतच नव्हती.

का लागत नव्हती, यात सगळी मेख आहे. अमेरिकेत १९०८ मध्ये एका प्रकाशकाने मेसीज या दुकानाच्या मालकांवर दावा लावला होता. पुस्तकावर छापले होते की एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये, आणि दुकान ते ८९ सेंटला विकत होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. मजकुराची नक्कल करू न देण्याचा हक्क तुमचा, पण ती विशिष्ट प्रत आता घेणाऱ्याची. हेच तत्त्व पुढे कायद्यात आले, १९७६ च्या कॉपीराइट कायद्यातही राहिले. घेणाऱ्याने ती प्रत विकावी, कोणाला द्यावी, भाड्याने फिरवावी. अमेरिकेतली व्हिडिओ दुकाने या एका तत्त्वावर उभी राहिली. यंत्र नसते तर ती नसती, हे खरेच. पण यंत्र असून हे तत्त्व नसते तरीही ती नसती.

स्टुडिओंना हे सोसणारे नव्हते. एकीकडे घरी रेकॉर्डिंग करण्यावरून सोनीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये स्टुडिओ पाच विरुद्ध चार मतांनी हरले. दुसरीकडे भाड्यावर आपला हक्क राहावा म्हणून ते संसदेत खटपट करत होते. संगीतवाल्यांना ते जमले : १९८४ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रिका परवानगीशिवाय भाड्याने देण्यावर बंदी आली. १९९० मध्ये संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही तेच संरक्षण मिळाले. चित्रपटांना मिळाले नाही, कारण तोवर गावोगावी दुकाने निघाली होती, दुकानदारांची संघटना झाली होती आणि मतदार शनिवारी रात्री कॅसेट घेऊन घरी जायला सरावला होता. गंमत अशी की या पराभवातच स्टुडिओंचे भले झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्यांना थिएटरांपेक्षा घरगुती व्हिडिओतून जास्त पैसा मिळू लागला होता.

आता थोडा हिशेब, कारण या क्षेत्रात हिशेब टाळून चालत नाही. भाडे अडवता येत नाही म्हटल्यावर स्टुडिओंनी कॅसेटची किंमतच चढी ठेवली. नव्या चित्रपटाची कॅसेट दुकानाला साधारण ६५ डॉलरला पडे. भाडे ३ डॉलर. म्हणजे २१ वेळा ती घराघरांत फिरून आली तरी दुकानदार तोट्यातच. बाविसाव्या फेरीला कुठे नफ्याचे तोंड दिसायचे. आणि नव्या चित्रपटाला मागणी असते पहिले काही आठवडे. म्हणून दुकानदार बेताच्या प्रती घेई आणि शुक्रवारी संध्याकाळी ग्राहक हात हलवत परत जाई. १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टरने स्टुडिओंशी नवा करार केला : प्रतीमागे आगाऊ रक्कम अगदी थोडी द्यायची, आणि भाड्याच्या उत्पन्नात वाटा द्यायचा. एकाएकी फळीवर प्रतीच प्रती दिसू लागल्या. जेरार्ड कॅशॉन आणि मार्टिन लारिव्हिएर यांनी २००५ मध्ये या करारावर लिहिलेला लेख आज पुरवठा-साखळीच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. ज्युली मॉर्टिमर यांनी नंतर प्रत्यक्ष आकडेवारीवरून त्याचे परिणाम तपासले.

अर्थशास्त्रज्ञ या कराराला उत्तम करार म्हणतात. साखळीतल्या दोघांचाही फायदा, ग्राहकाचाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दुकानदार प्रतीचा मालक होता तोवर भाड्याचा प्रत्येक पैसा त्याचा होता आणि स्टुडिओला हिशेब देण्याचे त्याला कारण नव्हते. वाटणीचा करार झाला तेव्हा प्रत्येक फेरीची नोंद स्टुडिओकडे जाऊ लागली, प्रत किती काळ ठेवायची आणि पुढे तिचे काय करायचे हेही करारात आले. मालकाचा हळूहळू एजंट झाला. डिजिटल काळ यायच्या आधीच, राजीखुशीने. ज्या लहान दुकानांना असे करार मिळाले नाहीत, ती कोर्टात गेली आणि हरली.

१९९७ मध्ये डीव्हीडी आली. ती दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकायची असे स्टुडिओंनी ठरवले आणि किंमत वीस-पंचवीस डॉलरच्या घरात ठेवली. याच वेळी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने लाल कॅसेटचा पुनर्जन्म घडवला. डिव्हएक्स नावाची ही डिस्क साडेचार डॉलरच्या आसपास मिळे. पहिल्यांदा लावली की ४८ तास चाले, मग बंद. यंत्र टेलिफोनच्या तारेने कंपनीशी बोलून हिशेब देई. लोकांनी तिला उभे केले नाही. १९९८ मध्ये बाजारात आली, १९९९ च्या जूनमध्ये गुंडाळली. घरात आणलेली वस्तू कंपनीच्या मर्जीने चालणार, हे तेव्हाच्या ग्राहकाला अपमानास्पद वाटले. दहा वर्षांनी त्याच ग्राहकाला ते सोयीचे वाटू लागले. २००८ च्या जानेवारीत ॲपलने चित्रपट भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा अट अशी होती : तीस दिवसांत पाहायला सुरुवात करा, आणि सुरू केलात की चोवीस तासांत संपवा. डिव्हएक्सपेक्षाही कडक. मात्र कोणी ओरडले नाही. डिस्क हातात असती तर ओरडले असते का, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाला पुरेल.

डीव्हीडीचा दुसरा गुण म्हणजे ती हलकी होती, टपालाच्या पाकिटात मावत होती. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांची नेटफ्लिक्स एप्रिल १९९८ मध्ये सुरू झाली ती त्या जोरावर. या पहिल्या नेटफ्लिक्सबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी निसटते. ती कंपनी १९०८ च्या त्याच तत्त्वावर उभी होती. विकत घेतलेली डिस्क ती भाड्याने देत होती, त्यासाठी स्टुडिओची परवानगी लागत नव्हती, म्हणून तिच्याकडे सुमारे एक लाख शीर्षके जमू शकली. ख्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये ‘लाँग टेल’ची कल्पना मांडली, म्हणजे इंटरनेटच्या काळात लोकप्रिय मालाइतकाच कमी खपाचा, आडवळणाचा मालही चालेल, तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणांत नेटफ्लिक्स होती. उदाहरण चोख होते, पण ते डिस्कचे होते.

२००७ मध्ये नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग सुरू केले आणि पायाखालची जमीन बदलली. आता प्रत विकत घेऊन भागणार नव्हते. प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकाची परवानगी हवी, ती ठरावीक मुदतीची, ठरावीक देशापुरती, आणि मुदत संपली की नवा भाव. २००८ मध्ये स्टार्झ वाहिनीशी झालेल्या करारातून मोठमोठे चित्रपट स्वस्तात मिळाले. २०१२ च्या फेब्रुवारीत करार संपला आणि ते चित्रपट एका रात्रीत गेले. २०१३ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’ ही तिची स्वतःची मालिका आली. भाड्याने देणारा निर्माता झाला तो काही कलेच्या ओढीने नाही. दुसऱ्याच्या परवानगीवर दुकान चालवण्यातला धोका त्याला समजला होता.

दोन न्यायालयीन निकाल या विषयात कोनशिलेसारखे आहेत. झेडिव्हा नावाच्या कंपनीने २०११ मध्ये एक खटपट केली : खऱ्या डीव्हीडी विकत घ्यायच्या, खऱ्या प्लेअरमध्ये घालायच्या, आणि ग्राहकाला तो प्लेअर दुरून, इंटरनेटवरून भाड्याने द्यायचा. एका वेळी एक डिस्क, एकच ग्राहक. युक्तिवाद सरळ होता : दुकानात जे चालते तेच इथे चालू आहे, तार फक्त लांब आहे. न्यायालयाने मानले नाही. हे भाडे नव्हे, सार्वजनिक प्रदर्शन आहे, असे म्हणत त्याच वर्षी ते थांबवले. दुसरा निकाल रीडिजीचा, वापरलेल्या संगीत फाइलींच्या विक्रीबद्दल. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये अपिलात न्यायालय म्हणाले की फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात जाते तेव्हा नवी नक्कल तयार होते, म्हणून विकलेल्या प्रतीचे तत्त्व तिला लागू नाही. मला दोन्ही निकाल कायद्याच्या अक्षराला धरून वाटतात आणि दोन्हींचा परिणाम वाईट वाटतो. डिजिटल जगात स्वतंत्र भाडेवाला असूच शकत नाही, हे या दोन निकालांनी पक्के केले. जो आहे तो हक्कधारक आहे, किंवा त्याचा परवानाधारक.

आता त्या झोपलेल्या ब्लॉकबस्टरकडे येऊ. १९८५ मध्ये डॅलसला पहिले दुकान, २००४ च्या सुमारास जवळजवळ ९,००० दुकाने. ही कंपनी २००० मध्येच एन्रॉनशी, होय, दाभोळमुळे महाराष्ट्राला चांगल्याच ठाऊक असलेल्या एन्रॉनशी, तारेवरून घरपोच चित्रपट देण्याचा वीस वर्षांचा करार करून बसली होती. तो वर्षभरही टिकला नाही. स्टुडिओंनी मिळून काढलेली मूव्हीलिंक ही डाउनलोड सेवा तिने २००७ मध्ये विकत घेतली. टपालाने डिस्क मागवा आणि दुकानात बदला, ही तिची योजना नेटफ्लिक्सला घाम फोडणारी होती. पण २००४ मध्ये व्हायाकॉम या मूळ कंपनीपासून वेगळे होताना भागधारकांना विशेष लाभांश वाटण्यासाठी घेतलेले कर्ज डोक्यावर होते. उशिराच्या दंडाचे उत्पन्न, जे एकेकाळी वर्षाला ८० कोटी डॉलरच्या घरात होते, ते स्पर्धेपायी सोडावे लागले. संचालक मंडळात भांडणे होती. २३ सप्टेंबर २०१० रोजी दिवाळखोरीचा अर्ज गेला. भविष्य न दिसल्यामुळे बुडाली म्हणण्यापेक्षा, दिसलेल्या भविष्यात तिच्या हजारो दुकानांना आणि लाखो प्रतींना कायदेशीर किंमतच नव्हती म्हणून बुडाली, असे मी म्हणेन. यावर मतभेद आहेत आणि असावेत. नेटफ्लिक्सने स्वतःची डिस्कसेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. यंत्रातून एक डॉलरला डिस्क देणारी रेडबॉक्स पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली. काही संग्रह मात्र वाचले. सिअ‍ॅटलचे स्केअरक्रो व्हिडिओ २०१४ पासून ना-नफा संस्था म्हणून चालते. न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओचा संग्रह २००९ मध्ये सिसिलीतल्या सालेमी गावाला गेला आणि अनेक वर्षांनी न्यूयॉर्कला परत आला.

ही सगळी अमेरिकेची कहाणी. ती जशीच्या तशी मुंबई-पुण्यावर बसवू नये, कारण आपल्याकडे पायाच वेगळा होता. शेमारू १९६२ मध्ये मुंबईत पुस्तके फिरवणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, व्हीसीआर आले, आणि पाठोपाठ गल्लोगल्ली कॅसेट लायब्ररी. ज्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता ते रात्रीपुरता टीव्हीसकट भाड्याने आणत आणि एका रात्रीत तीन सिनेमे वसूल करत. मुंबईत तर एका व्हीसीआरवरून इमारतभर तारा ओढून केबल सुरू झाली. ते वितरण कोणाच्या परवानगीने चालले होते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

विचारले असते तर उत्तर अवघड होते. आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिले गेले की चित्रपटाची प्रत आधी विकली गेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क मालकाचाच. त्या आधारावर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वॉर्नर ब्रदर्सच्या दाव्यात अमेरिकेतून रीतसर विकत आणलेल्या डीव्हीडीसुद्धा इथे भाड्याने देता येत नाहीत असा निकाल दिला. २०१२ मध्ये शब्द बदलून व्यापारी भाड्यापुरती ही बंदी आली. ना-नफा ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था तिच्यातून सुटल्या. म्हणजे अमेरिकेत दुकानदार कायद्याच्या आधाराने उभा होता. आपला लायब्ररीवाला कायद्याकडे पाठ करून उभा होता. कायदा निर्मात्याच्या बाजूने आणि बाजार लायब्ररीवाल्याच्या, अशी आपली तऱ्हा.

म्हणून आपल्याकडे हा धंदा मोडला तोही निराळ्या क्रमाने. केबलने पहिला घास घेतला. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली; भाड्याच्या जवळपास किमतीत डिस्क कायमची मिळते म्हटल्यावर परत करायला जिना कोण उतरणार? सेव्हन्टी एमएम, बिगफ्लिक्स यांनी घरपोच डिस्कचे प्रयोग केले, ते टिकले नाहीत. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने डेटा स्वस्त केला, पण तोवर बहुतेक लायब्रऱ्यांची शटर खाली आली होती. स्ट्रीमिंगने आपल्याकडे लायब्ररी मारली असे कोणी लिहिले तर तारखा तपासायला सांगावे.

मराठीत या विषयावर जवळजवळ सगळेच काम व्हायचे आहे. कोणत्या गावात मराठी चित्रपटांच्या कॅसेट किती चालत, नाटकांच्या कॅसेटचे गिऱ्हाईक कोण होते, डिपॉझिट किती, दंड किती, माल कोठून येई, किती माल अस्सल आणि किती नक्कल : याची उत्तरे छापील ग्रंथांत नाहीत. ती वह्यांत, पावतीपुस्तकांत, दरपत्रकांच्या पाट्यांवर आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या लायब्ररीवाल्यांच्या बोलण्यात आहेत. पण अशा नोंदी खासगीही असतात. अमेरिकेत १९८७ मध्ये एका न्यायाधीशाने, रॉबर्ट बोर्क यांनी, कोणते चित्रपट भाड्याने नेले याची यादी वर्तमानपत्रात छापली गेली आणि पुढच्याच वर्षी त्या देशाने भाड्याच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा केला. स्ट्रीमिंगवाल्या कंपन्यांवर आज दावे लागतात ते याच कायद्याखाली. तेव्हा वाचकाला विनंती दोन. आपल्या गावात अशी लायब्ररी चालवलेले कोणी असेल तर यंदाच त्यांना भेटावे, बोलणे ध्वनिमुद्रित करावे, वहीची छायाचित्रे घ्यावीत. आणि त्यातले काही छापायला निघालात, तर सभासदांची नावे आधी झाकावीत.